मंथरेचा डावा डोळा

आमच्या राजूरला एखादी सासू कशी आहे हे सांगायला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. तिला ललिता पवार म्हटलं की काम भागतं. मजा म्हणजे ज्या पोरी हे म्हणतात त्यांतल्या निम्म्या जणींनी ललिताबाईंचा एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. अकोले तालुक्यातलं आमचं गाव, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं. सिनेमाचं वेड आहे, पण ते नवीन सिनेमाचं. तरीसुद्धा हे नाव टिकून आहे. दहावीला व्याकरणात शिकलो होतो की विशेषनामाचं कधीकधी सामान्यनाम होतं. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मासिकात ललिता पवार कुठून आल्या? सबमिशन, व्हायवा, कॅम्पस हे सगळं सोडून हा काय विषय! तर मंडळी, त्याला कारण माझी आजी.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि 28 तारखेपासून दूरदर्शननं रामानंद सागरांचं ‘रामायण’ परत दाखवायला सुरुवात केली. अख्खं घर टीव्हीसमोर. आजी मात्र खाटेवर भिंतीकडे सरकून बसायची, पदर डाव्या गालावरून ओढून. तिच्या तोंडावरून त्याआधी वारं गेलं होतं. बाकी अंगाला काही झालं नाही, पण चेहऱ्याची डावी बाजू पूर्ण सुधारली नाही. डोळा बारीक राहिला, हसली की ओठ एका बाजूलाच जायचा. तेव्हापासून तिनं लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं. फोटो काढायचा म्हटलं की ती चुलीपाशी पळायची. आम्हीही समजून घेतलं होतं, म्हणजे खरं तर विषय काढणं बंद केलं होतं.

तर टीव्हीवर मंथरा आली. पाठीत वाकलेली, काठी टेकत, कैकेयीच्या महालात शिरली आणि आजीनं पदर सोडून मान पुढे काढली. ती मंथरेच्या डोळ्याकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं की या बाईचा डोळा खरंच तसा आहे की रंगरंगोटी करून केलाय. मी मोबाईलवर शोधलं, तिला वाचून दाखवलं, आणि तिथून मी या बाईंच्या मागे लागलो तो अजून सुटलेलो नाही.

ललिताबाईंचं मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. जन्म 18 एप्रिल 1916, येवल्याचा. म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याची कोपरगावकडची हद्द ओलांडली की लागतं तेच, पैठणीचं येवला. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. खाऊनपिऊन सुखी घर, शिवाय वळण सोवळं. अशा घरातली मुलगी सिनेमात जाणं त्या काळात किती अवघड असेल याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषालाच लुगडं नेसवावं लागलं. त्यानंतर पंधराच वर्षांनी, 1928 च्या सुमारास, याच कथेवरच्या दुसऱ्या एका मूकपटात अंबा नावाची ही पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुण्यात सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी होती, तिथे तिची सुरुवात झाली. पगार महिना अठरा रुपये होता असं सांगतात.

पुढचं दशक म्हणजे ललिताबाईंच्या आयुष्यातला असा भाग आहे जो आपल्याला कुणी सांगितलेलाच नसतो. त्या नायिका होत्या. नुसत्या झाडामागे लाजणाऱ्या नायिका नव्हत्या, मारधाडपटांच्या नायिका होत्या. ग. प. पवार हे दिग्दर्शक, त्यांच्याशीच पुढे लग्न झालं आणि पवार आडनाव आलं. त्यांच्या 1931 च्या ‘दिलेर जिगर’ या मूकपटात ललिताबाई कसरती करतात, हाणामारीत उतरतात. वय किती? पंधरा! आपल्याकडे अकरावीच्या ॲडमिशनचं वय.

1931 सालीच ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. मूकपटातल्या कितीतरी नटनट्या त्या एका धक्क्यात घरी बसल्या. कुणाला भाषा येईना, कुणाला गाता येईना. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं, आपलं गाणं आपणच म्हणायचं. ललिताबाईंना गाता येत होतं, त्या तरल्या. एवढंच नाही, त्यांनी स्वतः निर्मितीतही हात घातला. ‘कैलाश’ हा 1932 चा मूकपट आणि नंतर 1938 मध्ये ‘दुनिया क्या है’ हा बोलपट. या दुसऱ्याची गोष्ट टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवरून घेतलेली होती. येवल्याची मुलगी, बाविसाव्या वर्षी टॉलस्टॉयवर सिनेमा काढते. आणि आम्ही मिनी प्रोजेक्टचा विषय सीनियरच्या फाइलमधून उचलतो! भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्येही (1939) त्या होत्या. थोडक्यात काय, गाडी व्यवस्थित रुळावर होती.

मग 1942. सिनेमाचं नाव ‘जंग-ए-आझादी’. प्रसंग साधा होता, नायिकेला थोबाडीत मारायची. समोरचा नट भगवान, म्हणजे पुढे ‘अलबेला’ काढणारे आपले भगवानदादा. तेव्हा त्यांचं नाव व्हायचं होतं. अंग पैलवानी. सिनेमातली थोबाडीत कशी मारायची याचं एक तंत्र असतं. हात गालाजवळून न्यायचा, मान झटकायची आणि बाकीचं काम कॅमेऱ्याच्या कोनानं करायचं. त्या दिवशी हात खरोखरच बसला, आणि पूर्ण ताकदीनं बसला.

इथे थोडं शास्त्र. आपल्या चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलवणारी एक नस असते. ती कानाजवळून बाहेर पडते आणि झाडाच्या फांद्यांसारखी कपाळ, पापणी, गाल, ओठ इथपर्यंत पसरते. खोड एकच. तिथे इजा झाली की अर्ध्या चेहऱ्याची वायरिंगच जाते. डोळा नीट मिटत नाही, हसू एका बाजूला ओढलं जातं. ललिताबाईंच्या चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. दोनतीन वर्षं औषधपाणी चाललं. चेहरा बराचसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

आजीनं हे ऐकून दोनच गोष्टी विचारल्या. कोणता डोळा, आणि मारणाऱ्यानं नंतर काही भरपाई केली का. पहिल्याचं उत्तर मला देता आलं. तिनं स्वतःच्या डाव्या पापणीवरून बोट फिरवलं आणि परत टीव्हीकडे बघायला लागली. आपल्याकडे बाईचा डावा डोळा लवला तर शुभ मानतात. हेही तीच पुटपुटली, जराशा रागानंच.

विचार करा, सव्वीस वर्षांची नायिका. तिचं भांडवल म्हणजे चेहरा, आणि कॅमेरा त्या चेहऱ्यापासून चार हातांवर. घरी बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. ललिताबाईंनी केलं ते असं की, नायिकेची जागा सोडली आणि सिनेमा सोडला नाही. चरित्र भूमिका घ्यायला लागल्या. आपल्या भाषेत सपोर्टिंग रोल. सिव्हिलवाल्या मित्रांना सांगायला नको, बीम कितीही देखणा असला तरी आधी सपोर्ट कुठे आहे ते बघतात. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र सपोर्टचा फोटो छापत नाहीत.

1944 साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे, आणि आनंदीबाई ललिता पवार. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका आपल्याला चौथीच्या इतिहासापासून पाठ आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा, 1773 सालचा, सगळा दोष लोकांनी त्या एका अक्षरावर आणि त्या एका बाईवर टाकला. ती बाई पडद्यावर आणायची जबाबदारी नुकत्या दुखण्यातून उठलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या ललिताबाईंवर आली. त्या बारीक डोळ्याचा पडद्यावर काय परिणाम होतो, हे तिथे सगळ्यांनाच दिसलं असणार.

मग ‘गृहस्थी’ (1948) आणि व्ही. शांतारामांचा ‘दहेज’ (1950). ‘दहेज’मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू म्हणजे ललिताबाई. वय वर्षं चौतीस. त्यांच्या मुलाचं काम करणारा करण दिवाण वयानं जवळपास त्यांच्या बरोबरीचा! आता हे आपण चालवून घेतो, कारण हिंदी सिनेमात पुरुष पन्नाशीला कॉलेजात जातो आणि बाई पस्तिशीला सासू होते. पण ‘दहेज’ लोकांना इतका झोंबला की सासूचा चेहरा ठरून गेला. पुढची चाळीस वर्षं तो बदलला नाही.

मला इथे थोडं थांबून बोलायचंय. खाष्ट सासू सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं असं की ललिताबाईंचं खरं काम बघायचं असेल तर त्यांचे एकाच वर्षातले दोन-दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा.

1955 घ्या. ‘श्री 420’ मध्ये त्या गंगामाई आहेत, मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी. उपाशी राजला प्रेमानं केळी देणारी, दोन शिव्या घालून चार घास भरवणारी. त्याच वर्षी गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’ मध्ये त्या सीतादेवी, मधुबालाची श्रीमंत आत्या. पुरुषांविरुद्ध सभा गाजवणारी, भाचीचं लग्न कागदावर लावून घटस्फोट घडवून आणणारी. (हा सिनेमा त्या बाईची टिंगल करतो. ते मला आज पटत नाही. पण ललिताबाईंनी ती टिंगलीची बाई इतक्या तोऱ्यात केलीय की तिचं बोलणं आपण ऐकत राहतो.) साडी बदलली, मान बदलली, चाल बदलली. डोळा तोच.

आणि 1959 तर कमालच. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्या घरातली जुन्या वळणाची बुआ आहेत. अस्पृश्य घरात जन्मलेल्या, अनाथ झालेल्या सुजाताला घरात वाढवलेलं त्यांना खपत नाही. ती जवळ आली की आखडून घेतात. सुनील दत्तची आजी म्हणून त्या उभ्या राहतात तेव्हा स्वतः त्रेचाळीसच्या आहेत. यात आरडाओरडा नाही, छळ नाही. फक्त एक नजर आहे, जी माणसाला हात न लावता लांब ढकलते. ती नजर आपल्यापैकी पुष्कळ जणांनी आपापल्या गावात पाहिली आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्याच वर्षी ‘अनाडी’. हृषीकेश मुखर्जींचा. नायिका पुन्हा नूतनच. आणि ललिताबाई? मिसेस डिसा, ख्रिश्चन घरमालकीण. राज कपूर त्यांच्याकडे भाडेकरू. खिशात दमडी नाही, भाडं थकलेलं. ही बाई भाड्यावरून तोंड सोडते आणि त्याच हातानं त्याला जेवायला वाढते. शेवटी औषध कंपनीनं बाजारात आणलेलं विषारी औषध घेऊन तिचा जीव जातो आणि आळ बिचाऱ्या राजवर येतो. या कामाला त्यांना फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं.

‘अनाडी’ मी आजीला मोबाईलवर दाखवला. स्क्रीन एवढासा, रेंज जाऊन-येऊन. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवरची काय अवस्था असते ते राजूरकरांना विचारा. मिसेस डिसा हसतात तिथे आजीनं मला परत मागे घ्यायला लावलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं. मंथरेचा जो डोळा कपटी दिसत होता तोच इथे मिश्कील दिसत होता, डोळा मिचकावल्यासारखा. म्हणजे डोळ्यात मुळात कपट नव्हतंच. बाकीच्या चेहऱ्यानं, आवाजानं, मान वळवण्याच्या वेगानं त्या डोळ्याला काय म्हणायचं ते ठरवलेलं होतं. मला हे तेव्हा कळलं. आजीला बहुधा आधीच कळलं असावं, कारण ती तीनदा बघून झाल्यावर सिनेमा सोडून घरमालकीण मेली कशी काय यावरच भांडत बसली.

साठच्या दशकात त्यांनी विनोदही करून दाखवला. ‘जंगली’ (1961) मधली कडक आई आठवते? जिच्या घरात हसायला बंदी असते? ती आई कडक नसती तर शम्मी कपूरच्या त्या सुप्रसिद्ध आरोळीला अर्थच उरला नसता. आणि ‘प्रोफेसर’ (1962) तर माझा सगळ्यात आवडता. भाचरांना करड्या शिस्तीत वाढवणारी सीतादेवी शिकवणीला म्हातारेच मास्तर पाहिजेत म्हणून अडून बसते. आईच्या आजारपणासाठी पैशाची गरज असलेला शम्मी दाढी लावून म्हातारा प्रोफेसर होऊन येतो, आणि ही करारी बाई त्या म्हाताऱ्याच्या चक्क प्रेमात पडते. आरशासमोर नटते, लाजते. थिएटरात तेव्हा हशा पिकला असेल. पण नीट बघितलं तर त्या लाजण्यात एक बाई आहे, जिला आयुष्यात लाजायला वेळच मिळालेला नाही. सोपं हसू मिळवून मोकळं होता आलं असतं. ललिताबाई तसं करत नाहीत. त्याच सुमारास, 1961 साली, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

वैयक्तिक आयुष्यावर दोन ओळी. पवारांशी झालेलं लग्न टिकलं नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी दुसरा संसार झाला. यावर मासिकांतून भरपूर चघळून झालंय, आपण नको.

हृषीकेश मुखर्जींनी मिसेस डिसाला विसरलं नाही. बारा वर्षांनी ‘आनंद’ (1971) मध्ये हॉस्पिटलची कडक मेट्रन ललिताबाईच आहेत आणि तिचं आडनावही डिसाच! रमेश देव यांच्या हॉस्पिटलात राजेश खन्ना तिला छळतो, ती दरडावते, आणि मनातून त्याच्यावर माया करते. काम जेमतेम काही मिनिटांचं आहे. पण हॉस्टेलवर ‘आनंद’ लावला की शेवटी सगळे डोळे पुसतात ना, त्यातले थोडे अश्रू मेट्रनच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

आणि मंथरा. ती त्यांनी एकदा नाही, दोनदा केली. पहिल्यांदा 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’ सिनेमात. दुसऱ्यांदा टीव्हीवर. सागरांची मालिका 25 जानेवारी 1987 ला सुरू झाली तेव्हा ललिताबाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. शूटिंग गुजरातेत उंबरगावला. आपली मराठी मंडळी तिथे बरीच होती, दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातलं जोडपं. कैकेयी पद्मा खन्ना. रविवारी सकाळी देशातले रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, या गोष्टी आपण आईवडिलांकडून ऐकल्यात. तो टीव्ही म्हणजे लहानसा पडदा. त्यावर भव्य सेट, सैन्य, रथ सगळं बारीकच दिसायचं. चेहरा मात्र मोठा दिसायचा. मंथरेचा चेहरा जवळून दाखवला की बाकी काही लागतच नव्हतं. 1931 मध्ये मूकपटात उड्या मारणारी मुलगी 1987 मध्ये टीव्हीवर, मधे छप्पन्न वर्षं. चित्रपटांचा एकूण आकडा सातशेच्या वर सांगितला जातो.

तरीही मंथरेनं त्यांचं नुकसान केलं असं मला वाटतं. म्हणजे पैशाचं नाही, नावाचं. आमच्या पिढीपर्यंत पोचली ती फक्त मंथरा. मिसेस डिसा पोचली नाही, गंगामाई पोचली नाही. गावात एखाद्या म्हातारीच्या चेहऱ्यात काही वाकडं असलं की पोरं तिला मंथरा म्हणून चिडवतात. आमच्या आळीतही चिडवायची. कुणाला, ते वर आलंच आहे.

शेवटच्या काळात ललिताबाई पुण्यात औंधला राहायला आल्या. तोंडाचा कर्करोग झाला होता. 24 फेब्रुवारी 1998 रोजी तिथेच त्या गेल्या.

औंधहून विद्यापीठावरून खाली आलं की काही किलोमीटरवर लॉ कॉलेज रस्ता लागतो. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. भारतात काढलेल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, बाकीचे जळाले, सडले, भंगारात गेले. जे शिल्लक राहिले त्यांत ‘दिलेर जिगर’ आहे. पंधरा वर्षांची नायिका त्यात धावते, लढते, वळून कॅमेऱ्याकडे बघते. दोन्ही डोळे सारखे.